आजोबांचा न्याय कुणाच्या हाती?

वाचकाचं पत्र:

पाळककाका, सलाम.

मी जीएनएमच्या (नर्सिंगच्या) दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात सगळ्यात आधी आईने बाप्तिस्मा घेतला, मी चार वर्षांची असताना. नातेवाइकांनी बोलणं टाकलं, पण आईचे वडील येतच राहिले. ते माळकरी होते, दर आषाढीला पायी पंढरपूरला जायचे. आणि दर रविवारी मला सायकलवर पुढे बसवून संडे स्कूलला सोडायचे, सुटेपर्यंत बाहेर लिंबाखाली बसून राहायचे. दोन वर्षांपूर्वी ते गेले. शेवटपर्यंत माळ गळ्यात होती.

गेल्या वर्षापासून आई मोबाइलवर एका प्रचारकाचे व्हिडिओ बघते. त्यांनी हिशेब मांडून प्रभूच्या येण्याची तारीख काढली आहे, येत्या डिसेंबरची. आई म्हणते, आता शिक्षणाचा काय उपयोग, फीचे पैसे सेवेला देऊन टाकू. आजोबांचं नाव काढलं तर म्हणते, ते अग्निसरोवरात जाणार, देवाने कुणाला निवडायचं ते जगाच्या आधीच ठरवलंय, त्याला प्रश्न विचारायचा नसतो. काका, मला झोप लागत नाही. ड्यूटीवरून आले आणि दाराला कुलूप दिसलं की वाटतं, सगळे उचलले गेले, मी एकटीच मागे राहिले. सगळं आधीच ठरलं असेल तर मग प्रीती कसली? ज्याने आजोबांना टाकलं त्या देवावर मी प्रीती कशी करू?

उत्तर:

प्रिय लेकी, सलाम.

आधी फीचं, कारण ते काम थांबणारं नाही. फी भर. आईशी भांडू नकोस, पण भर. तो दिवस आणि ती घटका दूतांना ठाऊक नाही, पुत्रालाही नाही, फक्त पित्याला ठाऊक आहे, असं प्रभू स्वतः म्हणाला (मत्तय २४:३६). जे पुत्राने आपल्याला ठाऊक नाही म्हणून सांगितलं, ते एखाद्या प्रचारकाने वहीवर बेरीज करून काढावं, हे मला मान्य नाही.

असे हिशेब पूर्वीही झाले आहेत. अमेरिकेत विल्यम मिलर नावाचा एक शेतकरी होता, पुढे उपदेशक झाला. दानीएलाच्या पुस्तकातले २,३०० दिवस म्हणजे तेवढी वर्षं, असं धरून त्याने गणित मांडलं. त्याच्या मागे असलेल्यांनी अखेर २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस नक्की केला. हजारो माणसं वाट बघत बसली. काहींनी उभी पिकं शेतात तशीच सोडली. त्यांच्यातल्या एकाने लिहून ठेवलंय की पहाट होईपर्यंत आम्ही रडत राहिलो. अलीकडे, २०११ साली, हॅरोल्ड कॅम्पिंग या रेडिओवरच्या उपदेशकांनी २१ मे ही तारीख दिली. ती गेल्यावर २१ ऑक्टोबर दिली. पुढच्या वर्षी त्यांनी जाहीरपणे कबूल केलं की तारीख सांगणं हे आपलं पाप होतं. या माणसांना मी हसत नाही. प्रभू यावा ही त्यांची तळमळ खरी होती आणि तुझ्या आईचीही खरी आहे. पण उद्या डिसेंबर उलटला, फी गेलेली असली आणि वर्ष बुडालेलं असलं, तर त्या तळमळीचं काय होईल याची मला काळजी वाटते. धनी परत आला तेव्हा ज्या कारभाऱ्याला त्याने धन्य म्हटलं, तो काय करत होता? घरातल्या माणसांना वेळेवर जेवण देत होता (लूक १२:४२-४३). तू वॉर्डात कुणाचं सलाइन बदलत असताना प्रभू आला, तर तो तुला योग्य जागीच भेटेल.

आता त्या कुलपाबद्दल. तू लिहिलंस ते वाचून मला फार वाईट वाटलं, कारण ही भीती मी खूप मुलांमध्ये पाहिली आहे. आमच्या मंडळीतला एक मुलगा शाळेतून आला आणि घरात कुणी दिसलं नाही म्हणून बेशुद्ध पडला होता. आई शेजारी दळण आणायला गेली होती.

जगावर महासंकट यायच्या आधी विश्वासणारे गुपचूप उचलले जातील आणि बाकीचे मागे राहतील, ही शिकवण अशा मांडणीत प्रेषितांच्या काळापासून चालत आलेली नाही. एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बी या उपदेशकांनी ती पसरवली. १९०९ साली निघालेल्या स्कोफील्ड यांच्या टीपांसहित बायबलमुळे ती घरोघर गेली. ती मानणारे प्रामाणिक विश्वासणारे मला ठाऊक आहेत, त्यांच्याशी मी वाद घालत बसत नाही. पण ज्या वचनावर ती उभी आहे ते तू स्वतः उघडून वाच: १ थेस्सलनीकाकरांस ४:१३ पासून पुढे. थेस्सलनीकातल्या लोकांची माणसं मेली होती आणि आता ती प्रभूच्या येण्याला मुकणार की काय, या दुःखात ते होते. प्रेषित पौलाने त्यांच्यासाठी ते लिहिलं आणि शेवटी सांगितलं, या शब्दांनी एकमेकांचं समाधान करा. जे वचन समाधानासाठी दिलं, त्याने तुझी झोप उडत असेल तर ते तुझ्यापर्यंत चुकीच्या हातांनी आलंय.

आणि त्यातला एक शब्द बघ. आपल्या मराठी शास्त्रात तिथे प्रभूला 'सामोरे' होणं आहे. मूळ ग्रीक शब्दही तोच अर्थ सांगतो: मोठा पाहुणा येतोय असं कळल्यावर गावाबाहेर जाऊन त्याला भेटायचं आणि मानाने आत आणायचं. पौल रोमला आला तेव्हा तिथले बंधू असेच वाटेवर पुढे आले होते (प्रेषितांची कृत्ये २८:१५), तिथेही तोच शब्द आहे. पालखी येते तेव्हा गाव वेशीवर जातं. वेशीवर गेलेली माणसं पालखीबरोबर गावातच परत येतात. हे तुझ्या आजोबांना समजावून सांगायची वेळ आली नसती. प्रभू या पृथ्वीवर येणार आहे, तिला सोडून पळून जाणार नाही. त्यामुळे कुलूप दिसलं की स्वतःला सांग, आई दळणाला गेली असेल. आणि झोप तरीही येत नसेल, तर कॉलेजात समुपदेशक असतील त्यांना भेट. तू नर्स होणार आहेस, शरीराला झोप हवीच असते हे तुला मी सांगायला नको. त्यात विश्वासाचा कमीपणा नाही.

तुझा खरा प्रश्न मात्र पुढचा आहे: आधीच ठरलं असेल, तर प्रीती कसली?

आईचं म्हणणं ज्या वचनावर उभं आहे ते रोमकरांस पत्रातलं आहे, ९:१५. ज्याच्यावर दया करायची त्याच्यावर मी करीन, असं देव मोशेला म्हणाला. आई ते दार लावल्यासारखं म्हणते, तू लिहिलंस त्यावरून मला तसं वाटलं. पण देव हे कधी म्हणाला ते बघ. निर्गम ३३ मध्ये. त्याच्या आदल्याच अध्यायात लोकांनी सोन्याचं वासरू केलं होतं. न्यायाने बघितलं तर त्यांचं सगळं तिथेच संपायला हवं होतं. मोशे त्यांच्यासाठी रदबदली करतो, आणि तेव्हा देव म्हणतो, दया कुणावर करायची हे मी ठरवीन. म्हणजे हे वाक्य पहिल्यांदा उच्चारलं गेलं ते अपराध्यांना वाचवताना. देव सार्वभौम आहे, याचा अर्थ त्याला दया करण्यापासून कुणी अडवू शकत नाही. मोशे नाही, पाळक नाही, मोबाइलवरचा प्रचारकही नाही.

योना संदेष्ट्याला हेच खुपलं होतं. चाळीस दिवसांत निनवे शहर उलथेल, अशी तारीखवार घोषणा त्याने केली होती, तीही देवाच्या सांगण्यावरून. निनवेने पश्चात्ताप केला आणि देवाने अरिष्ट आणलं नाही. योना रुसून बसला, मरण मागू लागला. देव त्याला विचारतो, ज्यांना उजवाडावा हात कळत नाही अशी १,२०,००० हून अधिक माणसं इथे आहेत, पुष्कळ गुरंढोरं आहेत, मी यांची पर्वा करू नको का? पुस्तक या प्रश्नावरच संपतं. योनाने काय उत्तर दिलं ते लिहिलेलं नाही.

पौलानेही निवडीबद्दल लिहायला सुरुवात केली ती हिशेब मांडून नाही. रोमकरांस ९ ची पहिली वाक्यं त्याच्या रडण्याची आहेत: माझ्या नातलगांसाठी मी स्वतः ख्रिस्तापासून तुटायला तयार आहे. तुझ्या आजोबांसारखीच त्याची माणसं, विश्वास न ठेवलेली. आणि तीन अध्याय झगडून तो पोचतो ११:३२ ला, की देवाने सगळ्यांना आज्ञाभंगात कोंडलं ते सगळ्यांवर दया करावी म्हणून. नवव्या अध्यायावर थांबलेल्या माणसाच्या हातात फक्त कुंभार आणि त्याला प्रश्न विचारू न शकणारी माती उरते. अकरावा वाचल्याशिवाय नववा कुणाला सांगू नये, असं मी मंडळीत अनेकदा म्हटलं आहे.

निवड आणि माणसाची इच्छा यांचा मेळ कसा बसतो, यावर मंडळीत शतकानुशतकं वाद आहेत. १७३९ साली मेथडिस्ट चळवळीचे जॉन वेस्ली यांनी निवडीच्या शिकवणीविरुद्ध कडक प्रवचन केलं. त्यांचे जिवलग जॉर्ज व्हिटफील्ड त्या शिकवणीच्या बाजूचे, दोघांत फूट पडली. पण १७७० मध्ये व्हिटफील्ड वारले तेव्हा लंडनमध्ये त्यांच्यासाठी स्मरणाचं प्रवचन वेस्लींनीच केलं. मी स्वतः वेस्लींच्या जवळचा आहे. तुला कुठल्याही बाजूला ओढायचं नाही मला. दोन्ही बाजू जिथे एकत्र गुडघे टेकतात, ती जागा दाखवायची आहे.

ती जागा प्रकटीकरण ५ मध्ये आहे. राजासनावर बसलेल्याच्या हातात सात शिक्क्यांची गुंडाळी आहे, जगाचं पुढे काय होणार ते त्यात. ती उघडायला लायक कुणीच सापडत नाही आणि हे दर्शन बघणारा योहान ओक्साबोक्शी रडतो. तेव्हा राजासनाभोवतीच्या वडीलजनांपैकी एक म्हणतो, रडू नको, यहूदा वंशाचा सिंह जिंकला आहे. योहान बघतो, तर तिथे सिंह नाही. तिथे कोकरा आहे, वधलेल्यासारखा, म्हणजे ख्रिस्त. पुढचे सगळे शिक्के, घोडे, भूकंप, सगळा न्याय त्या कोकऱ्याच्या हातून उघडतो. पात्म बेटावरून आशियातल्या सात मंडळ्यांना ही चिठ्ठी गेली तेव्हा रोमी सत्तेखाली जगणाऱ्या त्या माणसांना नेमकं हेच हवं होतं: गादीवर कैसर दिसतो, पण शेवटचा शब्द ज्याचा आहे त्याच्या अंगावर जखमा आहेत. व्हिडिओतले तक्ते बघताना हा कोकरा दिसेनासा होतो. मग उरतं ते फक्त वेळापत्रक.

तू विचारशील, मग न्याय कशाला? नुसती प्रीतीच का नाही? लेकी, न्याय काढून टाकू नकोस. आपल्या मंडळीतले बहुतेक जण ज्या घरांतून आले त्यांच्या आजापणजांना गावच्या विहिरीवर पाणी मिळत नव्हतं, चावडीवर त्यांचं कुणी ऐकून घेत नव्हतं. एक दिवस खरा न्यायाधीश येणार आहे, हे त्यांनी ऐकलं तेव्हा ते घाबरले नाहीत, उभे राहिले. स्तोत्र ९६ वाच. रानातली झाडं आनंदाने गातात, का? कारण परमेश्वर न्याय करायला येतो आहे. ज्याच्यावर अन्याय झाला, त्याला न्यायाशिवायची प्रीती पुरत नाही. वॉर्डात मारहाण झालेली बाई आली तर तुलाही हेच वाटेल.

आणि नरकाबद्दल प्रभूने जे शब्द काढले, ते मी पुसू शकत नाही. त्याने नरकासाठी वापरलेला शब्द गेहेन्ना, म्हणजे यरुशलेमाच्या कडेची हिन्नोमाची दरी. तिथे आहाज आणि मनश्शे या राजांनी स्वतःची मुलं अग्नीत होमली होती. देव यिर्मयाच्या तोंडून म्हणतो, असं मी सांगितलं नव्हतं, हे माझ्या मनातही आलं नव्हतं (यिर्मया ७:३१). प्रभू त्या दरीचं नाव घेऊन आपल्याला बजावतो, आणि मी ते बजावणं गंभीरपणे घेतो: माणूस प्रीती नाकारू शकतो, शेवटपर्यंत नाकारू शकतो. पण मुलांचा होम घेणाऱ्या मोलख दैवताचा चेहरा आपल्या पित्याला लावायची मुभा मला त्या वचनातून मिळत नाही. जो दुष्टाच्या मरणातही आनंद मानत नाही (यहेज्केल ३३:११), तो तुझ्या आजोबांना हात झटकून टाकेल, असं चित्र तू मनात धरू नकोस.

आजोबांबद्दल लिहायला मी मुद्दाम उशीर केला. त्याआधी माझा एक अपराध तुला सांगायला हवा. पाळक होऊन मला दुसरं वर्ष होतं. गावात एकजण वारला, दारू प्यायचा, उपासनेला कधी फिरकला नव्हता. दफनाच्या वेळी मी मेल्यावर अग्नीत तळमळणारा श्रीमंत माणूस आणि गरीब लाजर यांचा दाखला घेतला. नाव घेतलं नाही, पण सगळ्यांना कळलं. त्याच्या बायकोने मान वर केली नाही. घरी आल्यावर तिने सगळ्यांना चहा दिला, मलाही दिला, आणि हळूच म्हणाली, 'साहेब, जाताना ते काय बोलले, तुम्हाला ठाऊक नाही. तुम्ही विचारलंसुद्धा नाही.' मी अजूनही विचारलं नाही. ती बाई पुढे मंडळीत आली नाही आणि मला तिच्या दारात जायचं धैर्य झालं नाही. चाळीस वर्षं झाली.

प्रभूच्या शेजारच्या वधस्तंभावरच्या त्या चोराचं बघ. आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील, हे प्रभू त्याला म्हणाला. त्याच्या घरी ही बातमी कुणी नेली असेल? त्याची आई तर पुढची सगळी वर्षं हेच धरून बसली असेल की पोरगा वाया गेला.

म्हणून आजोबा कुठे आहेत, हे मी तुला छातीठोकपणे सांगणार नाही. आईने जसा निकाल दिला तसा उलटा निकाल देणं हेही माझं काम नाही. तारण ख्रिस्तावाचून नाही, यावर मी ठाम आहे. पण ख्रिस्त कुणापर्यंत आणि कसा पोचतो, याची वही त्याच्याकडे आहे, माझ्याकडे नाही. ज्याला ठाऊक नव्हतं त्या दासाला थोडे फटके, असं तो म्हणतो (लूक १२:४८). त्याच्यासमोर सगळे एका मापाने तोलले जात नाहीत. या लहानांपैकी एकाला गार पाण्याचा पेला देणारा आपल्या प्रतिफळाला मुकणार नाही, असंही तो म्हणतो (मत्तय १०:४२). तुझ्या आजोबांनी एका लहान मुलीला वर्षानुवर्षं प्रभूच्या दारापर्यंत सायकलवरून आणलं. मत्तय २५ मधल्या न्यायाच्या दिवशी दोन्ही बाजूंचे लोक चकित होऊन विचारतात, 'प्रभू, आम्ही तुला कधी पाहिलं?' त्या दिवशी चकित होण्याची तयारी आपणही ठेवावी.

पंडिता रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे १८७४ च्या दुष्काळात उपासमारीने गेले, हिंदू म्हणूनच गेले. रमाबाई तेव्हा कोवळ्या वयाच्या होत्या. मरणाआधी वडिलांनी त्यांना जवळ घेतलं आणि म्हणाले, तुला मी देवाच्या हाती दिलंय, त्याचीच होऊन राहा. पुढे रमाबाई ख्रिस्ताकडे आल्या, केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, आयुष्याच्या शेवटापर्यंत बायबलचं मराठी भाषांतर करत राहिल्या. सुवार्तेत त्यांनी कधी पाणी मिसळलं नाही. आणि त्याच रमाबाईंनी आपल्या साक्षीत, १९०७ साली, या अर्थाचं लिहिलं: ज्या सर्वदयाळू स्वर्गीय पित्याला माझे वृद्ध वडील ओळखत नव्हते, त्याने त्यांची प्रार्थना निःसंशय ऐकली. त्यांनी वडिलांना स्वर्गात बसवलं नाही आणि अग्नीत ढकललंही नाही. देवाने बापाचं ऐकलं, एवढं त्यांना ठाऊक होतं, तेवढं त्यांनी लिहिलं. तूही तिथे उभी राहू शकतेस.

शेवटी आईबद्दल. तिच्याशी वचनांची लढाई करू नकोस, तू हरशील आणि ती दुरावेल. पण एक गोष्ट लक्षात घे. गेलेले तिचे वडील आहेत. सगळ्यांनी टाकलं तेव्हा जो एकटा तिच्या दारात येत राहिला, तो माणूस अग्नीत जाणार असं ती तोंडाने म्हणते, तेव्हा तिच्या पोटात काय होत असेल? मला वाटतं ती तारीख धरून बसली आहे कारण तिला हे दुःख आणखी फार दिवस एकटीने वाहवत नाही. त्या प्रचारकाने तिला रडायला जागा दिली नाही, उत्तर दिलं.

तू तिला जागा दे. ती स्वयंपाक करत असताना जवळ जाऊन बस आणि विचार, आजोबांनी पहिल्यांदा माझं सायकलवरचं ते पुढचं सीट कुठून आणलं? मग ती जे बोलेल ते मध्ये न तोडता ऐक. ती रडली तर रडू दे. प्रभूही आपला मित्र लाजर याच्या थडग्यापाशी रडला होता, आपण त्याला उठवणार आहोत हे ठाऊक असूनही. व्हिडिओचा विषय तूच काढू नकोस. पुढच्या रविवारी तिला बरोबर घेऊन ये, उपासनेनंतर आम्ही दोघं, मी आणि तुझ्या काकू, थांबतो.

आणि फीची पावती मिळाली की एक ओळ टाक.

तुझा,
पाळककाका